थांबणारा टीव्ही

कार्तिक सरत आला की उचगावच्या सांजवेळेवर एक जड, गोडसर धूर उतरतो. आसपासची गुऱ्हाळं पेटलेली असतात, काहिलीत रसाला उकळी फुटलेली असते, आणि त्या वासात घराघरांतून तापत ठेवलेल्या म्हशीच्या दुधाचा वास मिसळला की साऱ्या गल्लीवर हळूहळू साय धरत असल्याचा भास होतो. पश्चिमेचा तांबूस उजेड आमच्या सोप्याच्या खिडकीतून आत येतो, भिंतीवरून सरकत टीव्हीच्या काचेपर्यंत पोचतो आणि तिथेच विझतो. माणसं अशा वासांनी, अशा उजेडानं हळवी होतात म्हणे. मला राग येतो. तळपायाची आग मस्तकाला नेणारा, साधा, सरळ राग. इतकी वर्षं झाली तरी तो निवलेला नाही, आणि खरं सांगायचं तर तो निवावा अशी माझी इच्छाही नाही.

हा राग ज्या दिवसांचा आहे, ते दिवस दोन हजार नऊच्या आसपासचे. मी तेव्हा उचगावहून रोज बसनं कोल्हापुरात जाऊन कॉलेजात मराठी शिकवत होते. घरात सासूबाई होत्या, ज्यांना आमच्याकडच्या रीतीप्रमाणे मी आत्या म्हणत असे. सासरे होते, ते मामा. माझा नवरा विलास, ज्याचं उद्यमनगरात लेथ मशीनचं छोटं वर्कशॉप होतं. आणि मागच्या गोठ्यात म्हशी होत्या, ज्यांच्या तालावर हे सारं घर चालायचं. घरात प्रत्येकाला आपापली वेळ होती. धारेची वेळ, दूध संस्थेत कॅन पोचवायची वेळ, मामांच्या चहाची, विलासच्या डब्याची, माझ्या बसची. आत्यांची वेळ म्हणजे या साऱ्या वेळांची बेरीज. त्यापलीकडे त्यांच्या वाट्याला काही उरत नसे. पहाटेच्या अंधारापासून निजानिज होईपर्यंत त्यांना कुणीही, कधीही हाक मारावी आणि त्यांनी हातातलं टाकून उठावं, यात काही वावगं आहे असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. वारा वाहतो, म्हैस पान्हावते, आत्या उठतात, निसर्गक्रमच तो.

फक्त आठ ते साडेआठ त्या उठत नसत.

या अर्ध्या तासाची कथा मला सुशीलामावशींनी सांगितली. सुशीलामावशी म्हणजे गावातल्या अंगणवाडीच्या सेविका, बौद्धवस्तीत राहणाऱ्या, आत्यांच्याच वयाच्या. नव्वदीच्या दशकात गावात केबल आली, आमच्या सोप्यात रंगीत टीव्ही आला आणि आठ वाजता कुठलीशी मालिका सुरू झाली, तेव्हा एका संध्याकाळी मामांनी नेहमीसारखी पाण्यासाठी हाक दिली. आत्यांनी पडद्यावरची नजर न हलवता उत्तर दिलं, "आठ वाजल्यात न्हवं? त्यो टीव्ही माझ्यासाठी थांबतोय व्हय?" मामांनी टीव्हीकडे पाहिलं. टीव्ही खरोखरच कुणासाठी थांबत नव्हता. मामांसाठी नाही, सरपंचासाठी नाही, दिल्लीच्या सरकारसाठीही नाही. ते मुकाट्यानं उठले आणि माठातून पाणी घेऊन प्याले. मावशी हे सांगताना अजूनही इतक्या हसत की डोळ्यांत पाणी येई. "तवापास्नं कायदा झाला बगा त्यो," त्या म्हणत.

कायदाच होता तो. मी लग्न होऊन आले तोवर मूळची मालिका संपून तिच्या जागी दुसऱ्या-तिसऱ्या मालिका येऊन गेल्या होत्या, पण कायदा अढळ होता. आठच्या आत दूध तापवून, भाकऱ्या थापून, ओटा पुसून आत्या सोप्यात यायच्या, सतरंजी पसरायच्या आणि भिंतीला पाठ टेकायच्या. मागोमाग मावशी यायच्या. त्यांच्या घरी पुढे स्वतःचा टीव्ही आला तरी त्यांचं येणं चुकलं नाही. दोघी शेजारी शेजारी बसत, आणि त्यांच्या हातांत काही नसे. लसूण नसे, शेंगा नसत, निवडायचे तांदूळ नसत. बायकांचे रिकामे हात ही किती दुर्मीळ गोष्ट आहे, हे मला त्या सतरंजीवर बसून कळलं. मांडीवर उताणे ठेवलेले ते चार तळवे, दिवसभराच्या पाण्यानं, शेणानं, खडूनं खरखरीत झालेले, टीव्हीच्या निळसर प्रकाशात विसावलेले मी कितीदा पाहिले आहेत. मालिका भिकार असे. एकाच थपडेचा आवाज तीनदा ऐकवणाऱ्या, दागिने घालून झोपणाऱ्या बायकांच्या त्या कहाण्यांवर मी स्टाफरूममध्ये यथेच्छ तोंडसुख घेत असे. पण आठ वाजता माझीही पावलं सतरंजीकडे वळत.

आणखी एक गोष्ट होती, जिच्याविषयी आमच्या घरात कुणी कधी बोललं नाही. मावशींच्या सासूला याच घराच्या उंबऱ्याबाहेर ओंजळीत वरून पाणी ओतलं जात असे. ते पाहिलेले मामा त्याच सोप्यात खुर्चीवर बसलेले असत, आणि मावशी आत्यांच्या खांद्याला खांदा लावून त्यांच्याच सतरंजीवर. हे कुठल्या सभेनं किंवा भाषणानं घडवलं नव्हतं. आठ वाजत, मालिका लागत असे आणि कुणाला काही ठरवायला सवडच मिळत नसे, इतकंच.

त्या वर्षी दिवाळीला विलास नवा सेट टॉप बॉक्स घेऊन आला. केबलला कायमचा रामराम ठोकला गेला, स्लॅबवर डिशची छत्री बसली, आणि टीव्हीखाली एक काळा, गुळगुळीत बॉक्स येऊन बसला, ज्याच्या पोटात कार्यक्रम साठवता येत होते आणि ज्याच्या रिमोटवर एक बटण दाबलं की चालू असलेला कार्यक्रम जागच्या जागी थांबत होता. विलासला यंत्रांचं वेड. त्यानं सगळ्यांना बोलावून प्रात्यक्षिक दाखवलं. गोलंदाज हवेत झेपावलेला असताना बटण दाबलं आणि तो तसाच अधांतरी लटकला. मामांनी "आयला!" म्हणून मांडीवर थाप मारली. आत्याही हसल्या. विलासनं रिमोट त्यांच्या हातात दिला आणि मोठ्या मायेनं म्हणाला, "आई, आता तुझी मालिका कुठं पळून जात न्हाई बघ. कवाबी बघ, कितींदाबी बघ." त्याच्या मायेत खोट नव्हती, हे मला आजही मान्य आहे. राग गिळायला कठीण जातो तो त्यामुळेच.

दिवाळीचा फराळ संपण्याआधीच ते घडलं. आठ वाजून थोडा वेळ झाला होता. मावशी येऊन बसल्या होत्या. पडद्यावर कुणीतरी कुणालातरी काही गुपित सांगणार होतं. मामा गोठ्याकडून पाय धुऊन आत आले, खुर्चीत बसले आणि अगदी सहज म्हणाले, "थांबीव की ते. भाकरी वाढ, भूक लागलीया."

आत्यांनी मान वळवली. त्यांचं तोंड उघडलं, आणि मी पाहिलं की त्यांच्याकडे वाक्य नव्हतं. बारा-पंधरा वर्षं जे वाक्य त्यांनी ढालीसारखं वापरलं, ते आता खोटं झालं होतं. टीव्ही थांबत होता. बटण त्यांच्याच हातात होतं. त्यांनी ते दाबलं आणि त्या उठल्या.

त्यानंतर रोजच ते सुरू झालं. चहा हवा असे, पाणी हवं असे, विलासला मोबाईलचा चार्जर सापडत नसे, दूध संस्थेचा माणूस दारात असे. कुणी रागावून सांगत नव्हतं, कुणी आवाज चढवत नव्हतं. उलट आता सगळे अधिकच मोकळेपणानं सांगत, कारण कुणाचं काही नुकसान होतच नव्हतं ना! पडद्यावर एखादी बाई अर्धं तोंड उघडून, अर्ध्या पापण्या मिटून तशीच राहायची आणि आत आत्या ताटं करायच्या. जेवणं झाली की भांडी, भांडी झाली की विरजण, आणि सगळं आवरून सोप्यात यावं तर तिथे विलास क्रिकेट लावून बसलेला. "आई, तुझं रेकॉर्ड झालंय गं," तो प्रेमानं सांगे. बॉक्सच्या पोटात आत्यांचे अर्धे तास एकावर एक साठत गेले. यादी उघडली की एकाच नावाची ओळीनं रांग दिसायची. ते पाहून घरातल्या पुरुषांना वाटायचं, बाईची केवढी सोय झाली. मला वाटायचं, हा बॉक्स उचलून मागच्या उकिरड्यात फेकून द्यावा.

मावशी काही दिवस येत राहिल्या. आठला यायच्या, आणि समोर थिजलेलं चित्र, खुर्चीत मामा, सतरंजीवर कुणी नाही. बसावं तर कशासाठी, उभं राहावं तर किती वेळ. आत्या आतून ओरडून सांगायच्या, "बस गं, आलो मी." पण येणं काही होत नसे. मालिका चालू असायची तेव्हा मावशी तिच्यासाठी आलेल्या असायच्या. थांबलेल्या टीव्हीपुढे त्या कुणाच्या तरी घरात आलेल्या असायच्या. हा फरक त्यांना आमच्यापेक्षा फार लवकर कळला. एकदा बसस्टॉपवर भेटल्या तेव्हा मी विचारलं, का येत नाही हल्ली. त्या पदर सावरत म्हणाल्या, "कवा लावताय ते कळंना झालंय न्हवं. रोज इचारायला कुटं येऊ?" आणि लगेच माझ्या कॉलेजची चौकशी करू लागल्या.

त्या संध्याकाळी मी विलासशी भांडले. भांडले म्हणजे मी भांडले. तो शांत होता. मी म्हटलं, तुझ्या आईच्या आयुष्यात एक अर्धा तास होता, तो तुम्ही खाल्लात. तो म्हणाला, खाल्ला कुठं, उलट साठवून ठेवलाय की सगळा. मी म्हटलं, साठवलेला अर्धा तास ती बघते कधी? तो म्हणाला, तिला कुणी अडवलंय? निवांत बघावं की. निवांत! या शब्दानं माझं डोकं फिरलं. ज्या घरात बाईला निवांतपणा फक्त टीव्हीच्या हट्टामुळे मिळत होता, त्या घरात तो हट्टच काढून घ्यायचा आणि वर तिला निवांत हो म्हणून सांगायचं. पण हे मला त्याला पटेल असं सांगता येईना. त्याचं प्रत्येक वाक्य बरोबर होतं. समजूतदार माणसाशी भांडताना आपलाच आवाज चढतो आणि आपणच आक्रस्ताळे ठरतो, तसंच झालं. मी चरफडत त्या काळ्या बॉक्सकडे पाहत राहिले. त्याचा तांबडा दिवा लागलेला होता. आत कुणाचा तरी संसार रेकॉर्ड होत होता.

मग पौषातली ती संध्याकाळ आली. थंडी चांगलीच पडली होती, आणि गुऱ्हाळाच्या वासात आता उसाच्या जळक्या पाचटाचा वास मिसळला होता. मालिकेतली सून त्या दिवशी घर सोडून निघणार होती. आत्या चार दिवस आधीपासून सर्वांना बजावत होत्या, "बुधवारी मी उठणार न्हाई. सांगून ठेवतोय." मावशींच्या घरी त्या स्वतः जाऊन सांगून आल्या होत्या. दुपारीच भाजी करून ठेवली, भाकऱ्या दिवेलागणीला थापल्या, आणि आठला पाच मिनिटं असताना अंगावर शाल घेऊन त्या सतरंजीवर बसल्या. एखाद्या मुलीनं सहलीच्या बसमध्ये खिडकीची जागा पकडावी, तशा बसल्या होत्या त्या.

आठला सून पिशवी भरू लागली आणि दारात जीप थांबली. कुरुंदवाडचे पाहुणे. मामांचे चुलतभाऊ, त्यांची बायको, मुलं, सुना. नृसिंहवाडीला दर्शन करून कोल्हापूरला निघाले होते, म्हटलं जाता जाता भेटून जावं. पाहुणे आले यात कुणाचा काय दोष. मामा आनंदानं उठले, "या, या पावणं!" म्हणाले, आणि मागं न बघता म्हणाले, "अगं, थांबीव ते. च्या टाक पैला."

पडद्यावरची सून पिशवी घेऊन उंबऱ्यात पोचली होती. एक पाय उचललेला. आत्यांनी बटण दाबलं.

चहा झाला, मग पोहे झाले, मग पाहुण्यांना जेवूनच जा असा आग्रह झाला. आम्ही दोघी पुन्हा पिठात हात घालून बसलो. सोपा भरून गेला होता, सतरंजीवर पाहुण्यांची मुलं लोळत होती, आणि साऱ्या हसण्याखिदळण्याच्या वर ती सून एक पाय उचलून तशीच उभी होती. तिच्याकडे कुणाचं लक्षही नव्हतं. तेवढ्यात मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं. मावशी आल्या होत्या. घरचं आवरता आवरता त्यांना उशीर झाला असावा. अंगावर धुवट पातळ होतं, एका पायातली चप्पल काढलेली. त्यांनी भरलेली खोली पाहिली, पडद्यावरचं चित्र पाहिलं. मामांनी मान वर केली आणि पुन्हा पाहुण्यांकडे वळवली. मावशींनी काढलेली चप्पल पुन्हा पायात सरकवली आणि त्या गेल्या. मी आत्यांकडे वळले. त्याही पाहत होत्या. तव्यावरची भाकरी करपली. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून करपलेली मी पाहिलेली ती पहिलीच भाकरी. मी रागानं परातीत हात आपटत होते, जणू त्यानं काही होणार होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आत्यांनी रिमोट हातात घेतला. मामा खुर्चीत होते, विलास लवकर घरी आला होता. आत्यांनी यादी उघडली. जुन्या मॅच पुसताना विलास कुठली बटणं दाबतो हे त्यांनी कधीतरी पाहून ठेवलं असणार. वरून एकेक भाग निवडायचा, पुसायचा, पडदा विचारणार, खरंच का, आणि आत्या पुन्हा बटण दाबणार. पहिले दोन-तीन गेले तेव्हा विलासला वाटलं चुकून होतंय. मग तो धडपडून उठला. "आई, काय करतीस? अगं, तुझंच हाय की ते सगळं!"

आत्यांचा अंगठा थांबला नाही. कालचा भागही गेला. ती सून उंबरा ओलांडून गेली की परत फिरली, ते आम्हाला कुणालाच कधी कळलं नाही. यादी रिकामी झाल्यावर त्यांनी रिमोट टीव्हीवर ठेवला आणि शांतपणे म्हणाल्या, "माझं कुठलं? माझं आठ वाजता हुतं."

विलासच्या चेहऱ्यावर खरंखुरं दुःख होतं. त्यानं दिलेली भेट त्याच्यासमोर पुसली गेली होती. त्या क्षणी मला त्याची कीव आली नाही.

त्याच्या पुढच्या संध्याकाळी मी कॉलेजातून आले, हातपाय धुऊन सोप्यात आले, तर सतरंजी अंथरलेली. आत्या भिंतीला पाठ टेकून बसलेल्या आणि शेजारी मावशी. त्यांना बोलवायला आत्या पुन्हा स्वतः गेल्या असणार. दोघींचे हात मांडीवर, रिकामे. टीव्ही बंद होता. काचेवर फक्त आमच्या ट्यूबलाइटची पांढरी रेघ होती. त्या फारसं बोलतही नव्हत्या. मावशी अंगणवाडीतल्या कुठल्या पोराविषयी काही सांगत होत्या आणि आत्या हं हं करत होत्या. मी जाऊन त्यांच्या शेजारी बसले. घड्याळात आठ वाजले.

मामा आले. त्यांनी टीव्हीकडे पाहिलं, मग आत्यांकडे, मग पुन्हा टीव्हीकडे.

"टीव्ही बंद हाय न्हवं?"

"व्हय."

"मग वाढ की."

"साडेआठला वाढतो."

एवढंच. कारण दिलं नाही, सबब दिली नाही. आणि मला एकदम दिसलं की इतकी वर्षं आत्या जे मागत होत्या ते टीव्हीच्या आडून मागत होत्या. त्यांचा नकार कधी त्यांचा नव्हताच, तो त्या पडद्याचा होता. मी मात्र सारा संताप एका बॉक्सवर काढत बसले होते, कारण बॉक्सवर चिडणं सोपं होतं. मामांवर, विलासवर, आमच्या साऱ्या भल्या माणसांवर चिडायचं तर मग त्याच घरात रोज जेवायला बसायचं कसं, हा प्रश्न होता.

मामा उभेच होते. मला ते सोसवेना, आणि मी नकळत एका हातावर भार देऊन उठू लागले. म्हाताऱ्या माणसाला भूक लागलीय, दोन भाकऱ्या वाढायच्या त्या काय, असंच काहीतरी मनात असावं. आत्यांनी माझ्याकडे न पाहता माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. हात जड होता.

"बस," त्या म्हणाल्या.

मी बसले. मामा जरा वेळ तिथेच घुटमळले आणि मग आत गेले. स्वयंपाकघरात झाकणं उघडल्याचे, ताट फळीवरून खाली पडल्याचे आवाज आले. आम्हा तिघींपैकी कुणी हललं नाही. ते पुढे काय करतील, उद्या काय होईल, हे मला ठाऊक नव्हतं. बसलेली असूनही माझे पाय उठण्यासाठी आतून तसेच ताठलेले होते, आणि ते सैल व्हायला किती वर्षं लागतील याचा अंदाज मला येत नव्हता.